ताकदीच्या गोळ्या

आत्याचा आवाज मोठा. डोणगावात तिनं ओट्यावरून भाजीवाल्याला हाक मारली, की पलीकडच्या गल्लीतली गाडी थांबायची. एकच शब्द ती कुजबुजून म्हणायची: मिरगी. ती मला होती, मधूनच फिट यायची.

आई गेल्यावर आत्यानंच मला वाढवलं. गोळी रोज तिच्याच हातची. कुणी विचारलंच तर म्हणायची, "ताकदीच्या हायेत. पोरगी अशक्त हाय." आणि मला दटावायची, "लगन व्हाचं हाय तुह्यं. नाव काऊन घेतं त्याचं?"

सोयरीक जुळत आली आणि नेमका मला खोकला धरला. गावातल्या दवाखान्यात गेलो, तर बाकावर मुलाकडच्या मामी बसलेल्या. डॉक्टरांनी विचारलं, "दुसऱ्या काही गोळ्या चालू आहेत?" आत्या मामींकडे बघून हसली. "ताकदीच्या हायेत जी." डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलं.

ते सुरू केल्यावर एका सकाळी मला तव्यावर एका भाकरीच्या दोन दिसायला लागल्या. "आत्या, मले दोन-दोन दिसून राह्यलं." उठले तर पाय ठरेनात, वर उलट्या. आपण आता मरतो, एवढंच डोक्यात होतं. आत्या माझ्याहून भ्यालेली. माझं डोकं मांडीवर घेऊन तिनं हाका मारून गाडी मागवली.

मेहकरच्या दवाखान्यात ती दारातूनच ओरडली, "मिरगीच्या गोळ्या खाते जी पोरगी! म्याच लपोलं!" अख्खी रांग वळली. तिथले डॉक्टर म्हणाले, नव्या औषधानं मिरगीची गोळी अंगात साचत गेली. त्यांनी ते औषध थांबवलं. "दोन्ही बंद करा जी," आत्या रडत म्हणाली. "मिरगीची आपल्या मनानं बंद केली तर जिवावर बेतेल," डॉक्टरांनी बजावलं. "दुसरं काहीही घेण्याआधी या गोळीचं नाव सांगत जा."

बातमी मुलाकडच्यांपर्यंत पोचली आणि सोयरीक मोडली. आत्या म्हणाली, "सोयरीक दुसरी भेटते, पोरगी नाही भेटत." मग दाताचा दवाखाना असो की मेडिकल, ती उंबऱ्यातूनच पुकारायची, "मिरगीच्या गोळ्या चालू हायेत इले. हे चालते का संगं?" मी लाजेनं अर्धमेली व्हायचे. पुढे मला पाहायला आलेल्यांनाही तिनं चहाआधीच सांगितलं. त्यातला एक बसून राहिला. तोच माझा नवरा.

आत्या आता नाही. परवा तापाच्या औषधाची चिठ्ठी घेऊन मेडिकलसमोर उभी होते. गर्दी होती, ओळखीची माणसं होती. तव्यावरच्या त्या दोन भाकरी आठवल्या. नव्या गोळीची भीती अजून गेलेली नाही.

"मिरगीच्या गोळ्या चालू आहेत माझ्या. हे सोबत चालेल का?"

आवाज चिरका निघाला, पलीकडच्या गल्लीत काही गेला नसेल. पण मेडिकलवाल्यानं काढलेलं पाकीट बाजूला ठेवलं आणि डॉक्टरांना फोन लावला.