दर्यापूरहून दूर असलेला बाजार

मे महिन्यात अमरावतीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा माझा रुबाब काय विचारता! आम्ही तिघा मित्रांनी पुण्यात बसून बैलजोड्या विकायची वेबसाइट काढली होती. बैलांचा फोटो, मालकाचं नाव, गाव, भाव, सगळं उघड. माहिती खुली झाली की दलाल हटतो आणि बाजार सुधारतो, हे आमचं अर्थशास्त्र. दर्यापुरातून साइटवर सगळ्यांत जास्त गर्दी, म्हणून ती बघायला निघालो होतो.

दर्यापूरची जीप माणसांनी गच्च भरलेली. एकाचं कोपर माझ्या बरगडीत, दुसऱ्याची पिशवी मांडीवर, आणि बाहेर उन्हानं भेगाळलेली काळी रानं.

अस्लमभाईंच्या नेट कॅफेत आमचंच पान उघडं होतं, भोवती हा घोळका! जितके लोक तितकं साइटचं मोल, हा तर आमचा दुसरा धडा. मी खुशीत विचारलं, "यातले घेणारे किती?"

सगळे हसले. अस्लमभाई म्हणाले, "घेतो कोन, भाऊ? कोनाच्या घरची जोडी इकाले निंगाली, हे पाहून राहिले सारे."

त्याचं काय होतं ते दाखवायला अस्लमभाई मला शेजारच्या गावी घेऊन गेले, साइटवरच्या पहिल्या विक्रेत्याकडे, जानरावांकडे. त्यांच्या लेकीनं, सुनंदानं, भाकर आणि पाटोडीची रस्सेदार भाजी वाढली. भाजी झणझणीत होती, पण पहिल्या घासानंतर चव कळलीच नाही.

"इचं अकोल्याचं स्थळ ठरलं होतं," जानराव म्हणाले. "त्याहीनं कॉम्प्युटरवर माहे बैल पाह्यले. पेरनीच्या तोंडावर जोडी इकते म्हंजे घर बसलं, म्हने. मोडली सोयरीक. अन् इकत होतो तं इच्याच लग्नासाठी!"

"मग साइटवर का टाकलीत?" मी नको ते विचारून बसलो.

"आपल्या बाजारात आमी जोडी इकत नाई, भाऊ. जेथी कोनी वळखत नाई, तेथी नेतो. भावबी खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली बोटांनं ठरते. तुमी म्हनले, पुन्याचा बाजार हाये. मले वाटलं, त्याहून दूर कोनता?"

अरे देवा! आम्हाला हे सुचलंही नव्हतं. "आत्ताच्या आत्ता पान काढतो," मी म्हणालो.

"काढा," सुनंदा दारातूनच म्हणाली. "पन त्याहीच्या डोक्यातून कसं काढसान?"

पान काढून मी तसाच अकोल्याला गेलो. मुलाच्या वडिलांनी चहा पाजला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "तुमचं खरं असंन," ते म्हणाले. "पन आता साऱ्या सोयऱ्याइले मालूम झालं नं." मी अक्षरशः पाया पडलो. त्यांनी पाय मागे घेतले.

पुण्याला परतलो तो थेट ऑफिसात. माणसाला एक दूरचा बाजार लागतो, जिथे त्याची अडचण अनोळखी राहते. इंटरनेटवर दूर असं काही नसतंच, हे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं. तेच दोघांना सांगायला तोंड उघडलं, तर एक मित्र आनंदानं ओरडला, "अरे, अकोल्यातूनही गर्दी सुरू झाली! ते जानराव कोण रे? तू पान काढलंस, तरी लोक त्यांनाच शोधतायत!"