लागला का?

स्टेअरिंग सरळ करायचं, अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा, छोटा दांडा पुढे ढकलायचा आणि मान वळवून शेजारच्याला विचारायचं, "लागला का?" मामांना हे करताना मी किती वेळा पाहिलं असेल, देव जाणे.

लागला का, म्हणजे फोर व्हील लागला का. साताऱ्याच्या पश्चिमेला डोंगरमाथ्यावर आमच्या कंपनीच्या पवनचक्क्या आहेत. मी तिथली इंजिनिअर, कोरेगावची. मामा आमच्या पिकअपचे ड्रायव्हर, जत तालुक्यातले. अख्खा जन्म दुष्काळात गेला आणि नोकरी लागली ती चार महिने लाल चिखल आणि धुकं असलेल्या पठारावर. "आमच्याकडं टँकरची वाट बघत बसायचं, आन हितं देव वरनं टँकरच वततोय," असं म्हणायचे.

पठारावर पोचायला शेवटचा एक चढ आहे. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खोल ओघळ. त्या चढाआधी शंभरेक पावलं सपाट रस्ता. मामांचं सगळं शास्त्र त्या शंभर पावलांत. गाडी सायकलच्या वेगानं चालती ठेवायची, चाकं सरळ ठेवायची आणि तिथंच चारी चाकांना जोर द्यायचा. नवे ड्रायव्हर चढावर चाकं गरगरायला लागली की मग दांड्याला हात घालायचे. मामा असे भडकायचे! "आरं, घसराय लागल्यावर कशाला? घसरायच्या आधी घालत्यात!"

पण दांडा पुढे गेला म्हणजे काम झालं, असं नव्हतं. गाडी जुनी. पुढच्या चाकांतून 'टक्' असा बारीक आवाज आला, तरच ती चाकं खरंच धरली असं समजायचं. नाही आला, तर गाडी थोडी मागे घेऊन पुन्हा. समोर एक दिवा होता, पण त्याच्यावर मामांचा काडीचा विश्वास नव्हता. "त्यो काय, दांडा ढकलला की पेटतोय. चाकात काय झालं त्येला काय म्हाईत?"

म्हणून त्या शंभर पावलांत गाडीत कुणी ब्र काढायचा नाही. आमचा एक फिटर शेंगदाणे खात बसला होता, तर त्याला म्हणाले, "गड्या, दाढ थांबीव." एकदा मुंबईचे मोठे साहेब पुढच्या सीटवर होते, फोन कानाला. मामांनी विचारलं, "लागला का?" साहेब फोनवर बोलता बोलताच म्हणाले, "हो हो, लागला." मामांनी गाडीच उभी केली. "साहेब, फोनवरल्या मानसाचं मी धरत न्हाई." साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं. मागच्या सीटवर आम्ही तोंडात रुमाल कोंबून हसत होतो.

मला वाटायचं, हा त्यांचा खाक्याच आहे. मास्तर पाढे विचारतात तसे हे आपले विचारत असतात. मग एका सकाळी 'टक्' आलाच नाही. मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "नाही लागला, मामा." आणि गाडी चढाला लागली की! मी ओरडले. तरी चाललीच आहे. शेवटी दंड धरून गदागदा हलवलं, तेव्हा कुठे ब्रेक दाबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्या तोंडाकडे. इतके दिवस ते ओठांकडेच बघत आले होते, आणि मी स्वतःला मोठी हुशार समजत होते.

"कधीपासून, मामा?"

"झाली की तीन-चार वर्सं. निधान निधान गेलं." जतकडच्या कानडीत निधान म्हणजे सावकाश.

"आणि कंपनीची दरवर्षीची तपासणी?"

"डॉक्टरनं इच्यारलं, नीट ऐकू येतंय न्हवं? म्या म्हनलं, व्हय. झाली तपासनी."

मला हसू फुटलं. तेही हसले. मग म्हणाले, "ताई, हापिसात सांगू नगा. गाडीवरनं उतरीवतील मला. घरात समदी बोलत्यात आन मला कायबी कळत न्हाई. हितं निदान गाडीची थरथर तरी कळती."

मी सांगायला हवं होतं. तुम्हीही आत्ता मनात हेच म्हणत असाल, आणि बरोबरच आहे तुमचं. पण मी म्हटलं, "नाही सांगत. मात्र माझ्याशिवाय वर जायचं नाही. आजपासून मी तुमचे कान." मोठ्या तोऱ्यात म्हटलं. त्या दुपारी त्यांनी मला डब्यातली ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी पोट फुटेपर्यंत खायला लावली. असे दोन पावसाळे आम्ही निभावले.

तिसऱ्या पावसाळ्यात, जुलैतल्या एका सकाळी गाडीत आम्ही दोघंच होतो. मागे ऑईलचं बॅरल. वरची एक चक्की दोन दिवस बंद पडलेली आणि ऑफिसचा माणूस फोनवर माझं डोकं खात होता. माझा स्वभाव तापट. मी आवाज चढवून त्याला सुनावत होते. सपाट रस्ता कधी आला, कळलंच नाही. मामांनी दांडा ढकलला, मान वळवली. "लागला का?"

मी मान हलवली. हो म्हणून. फोन कानाला तसाच.

फोनवरल्या माणसाचं ते धरत नसत. माझं धरलं.

चढाच्या मध्यावर मागची चाकं गरगरली. पुढची नुसतीच शोभेला. गाडी मागे घसरली, आडवी झाली आणि ओघळीत गेली.

मामांच्या माघारी चौकशी झाली. दांडा पुढे ढकललेला होता, दिवा पेटलेला होता. चालकाची चूक नाही, पावसानं रस्ता निसरडा झाला होता, असं लिहिलं गेलं. मी खाली सही केली. मामांच्या कानांचं कुणाला कळलं नाही, माझ्या मानेचंही नाही.

गाडी ओघळीत थांबली त्यानंतरचं मात्र मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

माझ्या अंगावर काचांचा सडा होता. मामांच्या छातीत स्टेअरिंग रुतलं होतं, हनुवटीवर रक्त होतं. त्यांनी नेहमीसारखी मान वळवली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "लागलं का?"

'लागला' नव्हे, 'लागलं'. मला कुठं इजा झाली का, हे विचारत होते ते. हे मला दवाखान्यात तिसऱ्या दिवशी उमगलं. त्या क्षणी मला नेहमीचाच प्रश्न ऐकू आला. मला रडू फुटलं. मी जोरजोरात मान हलवत म्हणत राहिले, "नाही लागला, मामा. मी ऐकलंच नव्हतं. मी फोनवर होते. नाही लागला."

रडणाऱ्या माणसाचे ओठ त्यांना कसे वाचता येणार? त्यांना दिसली ती फक्त नाही म्हणणारी मान.

"न्हाई?" ते म्हणाले. "मग बरं झालं."

आणि त्यांनी मान पुन्हा समोर रस्त्याकडे वळवली.