इवाबुचीसानांची जागा

“स्टेजवर मृण्मयी जाईल,” वाउटर म्हणाला आणि त्याने कॉफी मशीनचं बटण दाबलं.

मी रिकामा कप धरून उभी होते. आमच्या ऑफिसात महत्त्वाचे निर्णय असेच कॉफी मशीनपाशी सांगतात. मीटिंगमध्ये फक्त केक खातात.

वाउटर माझा बॉस. अ‍ॅम्स्टरडॅममधली आमची कंपनी नऊ माणसांची, सबटायटल करणारी. या देशात परदेशी सिनेमा डब करत नाहीत. लहान मुलांचा सोडला तर सगळा सिनेमा मूळ भाषेत ऐकायचा आणि खाली डच वाचायचं. त्यामुळे आमच्यासारख्यांचं पोट भरतं. मी जपानी करते. जपानी शिकले पुण्यात, डच शिकले हार्लेममध्ये, आधी गेमेन्टेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, फुकट क्लासमध्ये आणि मग शेजारणीकडून. नवऱ्याच्या व्हिसावर आले तेव्हा दोन वर्षं घरीच होते. नंतर या कंपनीत एका जपानी स्वयंपाकाच्या कार्यक्रमाची सबटायटलं मिळाली. मुळा किसायच्या चौदा पद्धती मी डचमध्ये सांगितल्या आहेत. पुढे सिनेमे मिळाले.

“माझं डच कमी पडतं का?” मी विचारलं.

“लिहिताना अजिबात नाही. बोलताना तू आधी डोक्यात वाक्य लिहितेस, मग ते वाचून दाखवतेस. हॉलमध्ये दोनशे लोक असतील. त्यांना तेवढा धीर नसतो.”

डच माणूस तोंडावर खरं बोलतो आणि वर बिस्किट देतो. त्याने पुढे केलं. मी घेतलं नाही.

आता इवाबुचीसानांबद्दल सांगायला हवं. जपानी सिनेमातले आणि टीव्हीवरचे हे नट, वय एकाहत्तर. एकोणिसाव्या वर्षी स्टुडिओत लागले ते मरायच्या कामाला. तलवारबाजीच्या मालिकांमध्ये नायक एका दमात वीस माणसं कापतो ना, त्या विसांतले ते एक. अकरा वर्षं ते दर आठवड्याला मेले. मग पोलिसांच्या एका मालिकेत चहा पिणारा जुना हवालदार मिळाला. तो एकही गुन्हा शोधत नाही, पण बावीस वर्षं टिकला. पोटदुखीच्या गोळ्यांची जाहिरातही केली. त्यांच्याबरोबर स्टुडिओत लागलेला मित्र तोवर मोठा नायक झाला होता. अडुसष्टाव्या वर्षी एका छोट्या सिनेमात त्यांना दुकान बंद करणाऱ्या म्हाताऱ्या न्हाव्याचं काम मिळालं. तो सिनेमा युरोपभर फिरला आणि लोक विचारायला लागले, हा माणूस इतकी वर्षं होता कुठे?

आर्नहेमच्या एका लहानशा थिएटरने त्यांच्या कामांचा शनिवार-रविवार असा दोन दिवसांचा कार्यक्रम ठेवला होता. ते स्वतः येणार होते. पाच कामांची सबटायटलं मी चार महिने बसून केली. शिवाय माहितीपुस्तिकेसाठी त्यांच्या एका जुन्या लेखाचा अनुवादही केला. त्या लेखात एक शब्द होता, ‘तोमे’.

जपानी सिनेमा किंवा मालिका सुरू होताना नटांची नावं येतात. नायकाचं पहिलं. मग बाकीच्यांची, तिघा-चौघांची एकत्र. सगळ्यात शेवटी एकच नाव येतं, पडद्यावर एकटं. ती शेवटची जागा म्हणजे तोमे. ती मान असलेल्या ज्येष्ठाला मिळते. आपल्याकडे नाटकाच्या जाहिरातीत शेवटी ‘आणि’ लिहून पुढे एक नाव ठसठशीत टाकतात, तसंच. या जागेवरून जपानमध्ये लोक कामं सोडतात. लेखात इवाबुचीसानांनी लिहिलं होतं की मित्राचं नाव पहिल्यांदा तोमेला दिसलं त्या दिवशी त्यांना घास गिळवेना. त्यांना स्वतःला ती जागा एकदाच मिळाली, न्हाव्याच्या सिनेमात. डच वाचकाला हे कसं समजवावं, असं मी त्यांना मेल करून विचारलं होतं. त्यांनी उत्तर हाताने लिहून, फोटो काढून पाठवलं: “शेवटचा माणूस येईपर्यंत लोक बसून राहतात, असं लिहा.”

मी तसंच लिहिलं. वाउटरने तो परिच्छेद काढून टाकला. म्हणाला, “कोणाला कळणार नाही.” कळलं ते फक्त मला.

आणि एवढं सगळं केल्यावर त्यांच्या शेजारी माइक घेऊन बसणार होती मृण्मयी. वय सव्वीस. लायडनला जपानी शिकली, वर्षभर क्योटोला राहून आली. डच अशी बोलते की भाजीवाला तिला दर वेळी विचारतो, तू पूर्वेकडच्या ट्वेन्टे भागातली का? कामाला लागली तेव्हा स्पॉटिंग मीच शिकवलं तिला. स्पॉटिंग म्हणजे प्रत्येक ओळ पडद्यावर कधी आणायची आणि कधी काढायची ते ठरवणं. मुलगी गुणी आहे. तीच तर अडचण होती. ती फटकळ असती, आळशी असती, तर मला इतका त्रास झाला नसता. माझ्या पोटात दुखत होतं, आणि त्यावर इवाबुचीसानांच्या जाहिरातीतली गोळी चालण्यासारखी नव्हती.

वेळ कमी म्हणून सहावा, न्हाव्याचा सिनेमा मृण्मयीला दिला होता. तिची फाइल क्यूसीला माझ्याकडे आली. क्यूसी म्हणजे दुसऱ्या माणसाने तपासणं. आपली चूक आपल्याला दिसत नाही, म्हणून आमच्याकडे दुसरे डोळे लागतात.

फाइल उघडली आणि पहिल्याच ओळीला थांबले.

सुरुवातीची नावं जपानी लिपीत होती. ती खाली रोमन लिपीत द्यायची असं ठरलं होतं. शेवटी इवाबुचीसानांचं नाव एकटं येतं, पण तेवढ्यात आतल्या खोलीतून बायको हाक मारते, “चहा झालाय.” खाली जागा दोन ओळींची, वेळ दोन सेकंद. तेवढ्यात संवाद आणि नाव दोन्ही वाचून होत नाही. म्हणून मृण्मयीने त्यांचं नाव तिथून उचलून सगळ्यांच्या आधी, नायिकेच्याही वर टाकलं होतं.

“ताई, ते नाव मी वर घेतलंय हं,” तिने शेजारच्या टेबलावरून सांगितलं. “खाली टाइमिंगच बसत नाही. आणि पाहुणे तेच आहेत ना? पहिलंच नाव बरं दिसेल. चालेल ना?”

आपल्या वळणाची कोणतीही मुलगी हेच करेल. पाहुण्याचं नाव पहिलं. तिला तोमे माहीत नव्हतं. विद्यापीठात हे शिकवत नाहीत. दुरुस्ती दोन मिनिटांची होती. चहाची ओळ काढायची आणि नाव परत खाली ठेवायचं. म्हातारा चहा पिताना पुढे दिसतोच.

माझ्या डोळ्यांसमोर आलं ते वेगळंच. हॉल भरलाय, इवाबुचीसान वळून मृण्मयीकडे बघतायत आणि वाउटर मला म्हणतोय, तूच हवी होतीस.

“चालेल,” मी म्हणाले, आणि फाइलला ‘अप्रूव्ह्ड’ दिलं.

चुकून झालं असतं तर हे लिहायला बसले नसते. हे चुकून झालं नाही.

शनिवारी दुपारी गाडीने आर्नहेमला गेले. हॉल खरंच भरला होता. इवाबुचीसान पहिल्या रांगेत बसले होते, बारीक अंगाचे, करडा कोट. शेजारी मृण्मयी, साडी नेसून. मी पाचव्या रांगेत. दिवे गेले. खाली पहिलं नाव आलं, इवाबुची. मग नायिका, मग बाकीचे. शेवटी काळ्या पडद्यावर पांढऱ्या जपानी अक्षरांत त्यांचं नाव एकटं उमटलं आणि त्याच्या बरोबर खाली डचमध्ये आलं, ‘चहा झालाय’. कोणीतरी हसलं. लोकांना वाटलं, त्या अक्षरांचा अर्थच तो.

इवाबुचीसान हलले नाहीत. मृण्मयीची चूक पडद्यावर आली याचं मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, चांगलं वाटलं. मग सिनेमा सुरू झाला. म्हातारा न्हावी शेवटच्या गिऱ्हाइकाची दाढी करतो तो प्रसंग आला. लोक श्वास रोखून बघत होते आणि मृण्मयीची भाषा इतकी नेमकी होती की मी खाली वाचतेय हेच विसरले. तिथे माझं बरं वाटणं संपलं.

इथे सिनेमाच्या शेवटी अनुवादकाचं नाव देतात, ‘फेरटालिंग’ असं लिहून, म्हणजे अनुवाद. मी बघत होते.

‘फेरटालिंग: वर्षा कुंटे.’

म्हणजे मी. पडद्यावर, एकटीच.

पहिल्या रांगेतून मृण्मयी मागे वळली. मला शोधलं आणि अंगठा वर केला.

मुलाखत छान झाली. इवाबुचीसान मिस्कील बोलले. “आज माझं नाव सगळ्यात पहिलं आलं,” ते म्हणाले. “नायिकेला कळवू नका, ती फोन करेल.” मृण्मयीने हसत हसत डच केलं, हॉल हसला. दोनशे माणसांत त्या वाक्यातलं दुखणं कळलेली मी एकटी, आणि मला वर बघवेना.

नंतर बाहेर मृण्मयीने गाठलंच. “ताई, सरप्राइज! क्यूसी झाल्यावर मी माझं नाव काढून तुमचं घातलं. स्टेज मला मिळालं ते मला बरोबर वाटलं नाही. खरं तर हा सगळा प्रोग्रॅम तुमचा आहे. चला, ते तुम्हाला भेटायचं म्हणतायत.”

इवाबुचीसानांनी वाकून नमस्कार केला. मीही केला, त्यांच्याहून खाली.

“कुंटेसान,” ते जपानीत म्हणाले, “तोमेबद्दल मला मेल तुम्हीच केली होती ना?”

“हो.”

“मग तुम्हाला माहीत होतं.”

हा प्रश्न नव्हता. मृण्मयी शेजारी उभी होती आणि तिला जपानी माझ्याइतकंच कळतं. “तोमे म्हणजे?” तिने मला मराठीत विचारलं. “ताई, काय चुकलंय का?”

इथे मला एक वाट होती. फाइल माझी नाही, नाव भलतंच पडलंय, चूक हिची आहे, असं सांगता आलं असतं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

“माहीत होतं,” मी म्हणाले. “चूक दिसली होती. मुद्दाम सांगितली नाही. स्टेजवर हिच्याऐवजी मला यायचं होतं.”

इवाबुचीसानांनी माझ्याकडे पाहिलं, मग मृण्मयीकडे. रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

“दुरुस्तीला किती वेळ लागतो?”

“दोन मिनिटं. उद्याच्या शोला नक्की करते.”

“उद्या सकाळी माझं विमान आहे,” ते म्हणाले. “त्या जागेसाठी मी एकोणपन्नास वर्षं थांबलो. तिथे माझं नाव माझ्यासमोर, भरलेल्या हॉलमध्ये, मी आज पहिल्यांदा बघणार होतो. जपानमध्ये सिनेमा लागला तेव्हा मी इस्पितळात होतो.”

पुन्हा वाकले आणि कोट सावरत निघून गेले. मृण्मयी माझ्याकडे वळली.

“तुम्ही मला फक्त सांगायचं होतं ना,” ती म्हणाली. “मी दोन मिनिटांत केलं असतं.”

परतीच्या गाडीत ती दुसऱ्या डब्यात बसली.

रविवारी सकाळी मी फाइल दुरुस्त केली. चहाची ओळ काढली, नाव शेवटी ठेवलं, फेरटालिंगपुढे मृण्मयीचं नाव घातलं. दुपारी पुन्हा आर्नहेमला जाऊन बघून आले. सगळं जिथल्या तिथे होतं. हॉलमध्ये तेवीस माणसं होती. इवाबुचीसान तेव्हा कुठेतरी सैबेरियाच्या आसपास असतील.

सोमवारी वाउटरला सगळं सांगितलं. “तुझं काम चांगलं आहे, ते तू करत राहा,” तो म्हणाला. “दुसऱ्याची फाइल मात्र तुला यापुढे देणार नाही.” या वेळी बिस्किट नव्हतं. मृण्मयी आता मला नुसतं वर्षा म्हणते. या ऑफिसात सगळेच सगळ्यांना नावाने हाक मारतात, त्यामुळे कोणाला काही वेगळं वाटलं नाही.

इवाबुचीसानांना मी माफीचं पत्र लिहिलं, हाताने. उत्तर आलं नाही. येईल असं मलाही वाटलं नव्हतं.

आमच्या धंद्यात म्हणतात, चांगलं सबटायटल कोणाच्या लक्षात येत नाही. चुकलेलंही बहुतेकांच्या येत नाही, हे मी माझ्या अनुभवाने सांगते. लक्षात येतं ते एखाद्याच्याच, आणि नेमका त्याचाच तो सिनेमा असतो.