लिंबू आणि दुर्बिणीचं विमान

लिंबू चिरलं की मला नारायणगावची जीप आठवते. मी तेव्हा ताऱ्यांवर संशोधन करत होते. विमानात बसवलेल्या नव्या दुर्बिणीतून पहिली निरीक्षणं करायला अर्ज मागवले होते. शेवटचा दिवस, आमच्या निमगावात वीज नाही. म्हणून नारायणगावच्या सायबर कॅफेकडे निघाले होते, नाकाशी लिंबू धरून. गाडी मला लागायचीच.

"जीपमधी ओकती, अन् इमानातनं तारं बघणार म्हनं!" चुलते सगळ्यांदेखत म्हणाले.

"बघणारच, तात्या!" म्हटलं, आणि त्यांच्याच चपलांवर ओकले.

जीपभर हशा. तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता वाटतं, उत्तर चोख होतं. तोंड पुसलं, अर्ज पाठवला. निवड झाली.

विमानात दोनदा ओकले, पण दुर्बिणीच्या पडद्यावरून नजर हटवली नाही. तिथली ओकायची एक कोरी पिशवी तेवढी तात्यांसाठी आणली.