हात लई गप हाय

भित्रेमामा घोड्यांना गाडीला चालायचं शिकवत, आणि घोड्यांनाच भीत. अख्ख्या उदगीरला हे ठाऊक होतं. नावच त्यावरून पडलेलं. घोडी जुंपण्याआधी ते उजवा हात पुढं धरून बघत. थरथरला तरच जुंपणार. नाहीतर म्हणत, "आज हात लई गप हाय, माय. आज न्हाई." तरुणपणी ज्या दिवशी भीती वाटली नाही, त्याच दिवशी त्यांचा टांगा उलटला होता. डावा गुडघा तेव्हापासून वाकत नसे.

माझ्या नवऱ्यानं वरातींसाठी बग्गी घेतली आणि पहिल्याच उन्हाळ्यात शेवंती घोडी उधळून त्याचं कंबरडं मोडलं. बग्गी आली माझ्या गळ्यात. मला तर शेवंती नुसती फुरफुरली तरी घाम फुटायचा. मामांपुढं रडले, तर म्हणतात कसे, "भेतीस ना? मग शिकशील."

चार महिने ते लांब लगाम धरून शेवंतीच्या मागं लंगडत चालले. चार पावलं पुढं, थांब, दोन मागं, परत पुढं. घोडीनं अंग गोळा करून चालावं, मागचे पाय पोटाखाली घेऊन भार पुठ्ठ्यावर पेलावा, एवढाच त्यांचा ध्यास. तसं जमलं की मान आपोआप कमानीत येई. "मान म्हंजी दिखावा. बग्गीला मागचे पाय आवरतेत," ते म्हणत.

वरातवाल्यांना मात्र मानच हवी. एका लग्नात नवरदेवाचा भाऊ अडून बसला, फोटोत घोडीची मान वाकलेलीच पाहिजे. काम जाईल या भीतीनं मी पट्टा आखडून शेवंतीचं तोंड छातीशी बांधलं. आत नवरदेव आणि त्याच्या दोन चिमुरड्या भाच्या. मामा गर्दीत मागून चालत येत होते. उताराच्या तोंडाशी ते पुढं आले, त्यांना पट्टा दिसला आणि चेहरा पांढराफटक पडला. "मुंडकं बांधल्यावर ती मागं बसंल कशी?" म्हणत त्यांनी सुरीनं पट्टा कापला आणि कसेबसे माझ्याशेजारी चढले.

आता ही उधळणार, दुसरं काही मला सुचेना. लगाम मी त्यांच्या हातात कोंबू लागले. घेतले नाहीत. "तुझे हात तिला ठाऊक हायत. वढू नको. सोडू बी नको. मुठी मिट."

निम्म्या उतारावर चाकापाशीच फटाक्यांची माळ फुटली. शेवंती दचकली, बग्गीचा सगळा भार तिच्यावर आला, पोरी किंचाळल्या. मी मुठी मिटल्या. डोळेही मिटले असावेत. घोडी मागच्या पायांवर बसल्यासारखी झाली, तिनं अंग गोळा केलं, आणि पाऊल पाऊल करत आम्हाला खाली आणलं.

खाली मामा रस्त्याकडेला बसून ओकले. "लई भ्यालो, माय," एवढंच म्हणाले. मला रागावले नाहीत, याची लाज मला आजही वाटते.

मागल्या थंडीत ते गेले. दवाखान्यात मी त्यांना शेवटचं भेटले तेव्हा त्यांचा उजवा हात चादरीवर अगदी स्थिर पडला होता. त्यांनीही तो पाहिला. "गप झाला बघ," म्हणाले.

दर वरातीआधी मी हात पुढं धरते. अजून थरथरतो. मग शेवंतीला जुंपते.