सोडवून घेतलेला हात

वाल्मिक कुणावर रागावत नाही, म्हणून त्याच्या वाटचा रागही मलाच करावा लागतो. पुणतांब्यात घाटाच्या चढावर माझं नारळ-हळदीकुंकवाचं दुकान आहे आणि समोर त्याचं मोटार वाइंडिंगचं. जळालेल्या मोटारींत नवी तार भरत तो दिवस काढतो, आणि गोदावरीत कुणी बुडतंय अशी आरोळी आली की हातातलं टाकून पळतो. घाटावर पोहणाऱ्यांचं मंडळ आहे, त्यातला हा सगळ्यात पट्टीचा. पगार नाही, विमा नाही. वर्षाला एक शाल आणि नारळ. नारळ माझ्याच दुकानातून जातो, म्हणून मला माहीत.

तीन वर्षांपूर्वी बंधाऱ्याखाली अंगद आणि करण हे दोन मित्र भोवऱ्यात सापडले. वाल्मिक पोहत गेला. एका हाताने त्याने करणची कॉलर धरली. दुसऱ्या हाताचं मनगट अंगदने पकडलं, बुडणारा पकडतो तसं, आणि त्याच्या अंगावर चढायला लागला. तिघेही खाली गेले. वाल्मिकने मनगट हिसडून हात सोडवून घेतला, करणला काठावर आणून टाकलं आणि परत उडी मारली. अंगद दुसऱ्या दिवशी सापडला. त्यालाही वाल्मिकनेच बाहेर आणलं.

असंच करायला शिकवतात. बुडणाऱ्याने मिठी मारली तर आधी स्वतःला सोडवा, नाहीतर सगळेच जातात. मंडळातल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. पण अंगदची आई बनुबाई काठावर छाती बडवत होती, तिला हे कोण सांगणार? मंडळाचे अध्यक्ष काकासाहेब पुढे झाले आणि म्हणाले, "बनुबाई, वाल्मिकनं शेवटपत्तूर त्याचा हात सोडला न्हाई बघा. पान्याचा वढाच लई हुता."

चांगल्या मनाने बोलले असतील. पण त्या एका वाक्यात वाल्मिक अडकला तो अडकलाच. बनुबाईला नवरा नाही, अंगद एकुलता एक. तिने वाल्मिकलाच लेक मानलं. पितृपंधरवड्यात अंगदच्या नावाने ती याला पाटावर बसवायची, खीर वाढायची आणि म्हणायची, "खा रं, त्याला पोचंल." हा खाली मान घालून गिळायचा आणि घरी येऊन ओकायचा. त्याची बायको सविता सांगते, झोपेतून मनगट चोळत उठून बसायचा.

गेल्या वर्षी श्रीरामपूरहून समुपदेशन करणाऱ्या दिशा मॅडम यायला लागल्या. दुसऱ्यांचे जीव वाचवणाऱ्यांच्या मनावरही भार साठतो, तो बोलून उतरवायचा, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटतं. शाळेच्या एका वर्गात त्यांनी मंडळाला गोल बसवलं, दार लावून घेतलं. "इथलं बोलणं या दाराबाहेर जाणार नाही," असं प्रत्येकाकडून कबूल करून घेतलं. काकासाहेबांचा "हो" सगळ्यात मोठा होता.

वाल्मिक सुरुवातीला नुसता बसून परत यायचा. शेवटी काकासाहेबच त्याला म्हणाले, "बोल लेका, आपलीच मान्सं हायेत." तेव्हा तो बोलला; काय बोलला ते त्यानेच मला नंतर सांगितलं. मी हात सोडवून घेतला, म्हणाला. त्याची बोटं एकेक सुटताना मला कळत हुती. बोलला आणि लहान मुलासारखा रडला. त्या दिवसापासून त्याला झोप लागायला लागली. सविताच्या तोंडावर मी किती दिवसांनी हसू बघितलं.

मग मंडळाचा सत्कार समारंभ आला. मांडव, पाहुणे, माईक. मॅडमना कायम येऊन बसता यावं म्हणून काकासाहेबांना गावाकडून एक खोली हवी होती. मागणी रास्तच होती. पण माईक हातात आला की या माणसाला आवरत नाही.

"आमच्या पोरांच्या मनाचं काय?" ते गरजले. "आता ह्यो आपला वाल्मिकच घ्या. अंगदचा हात यानं सोडून दिला! काळजावर दगड ठिवून सोडून दिला! त्ये वझं घिऊन माझा वाघ दोन वर्सं झोपला न्हाई!"

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. सोडवून घेणं वेगळं आणि सोडून देणं वेगळं, हे ओरडून सांगायला हवं होतं; पण ज्याने सांगायचं तो शाल पांघरून, नारळ धरून, सगळ्यांसमोर उभा होता. बनुबाई पहिल्या रांगेत होती. मंडळानेच तिला मानाने बोलावलं होतं. ती उठली आणि पदर सावरत मांडवाबाहेर गेली.

खोली मंजूर झाली. काकासाहेब वाल्मिकच्या दुकानात येऊन म्हणाले, "तुझ्या भल्यासाठीच बोललो, लेका. मिळाली का न्हाई खोली?" वाल्मिक तार गुंडाळत राहिला. मी समोरून ओरडलो, "अध्यक्ष, दार लावून ऐकलेलं माईकवर सांगताना लाज न्हाई वाटली?" ते तसेच चढ उतरून गेले.

गावाला विषय मिळाला. टपरीवर लोक वाल्मिक आला की गप्प बसायला लागले. करण, ज्याचा जीव वाचला, तो पुण्यात नोकरीला आहे. त्याने साधा एक फोन केला नाही. मॅडमचा मात्र आला. फार कळवळून बोलत होत्या बिचाऱ्या. वाल्मिक म्हणाला, "बरं हाय, मॅडम." सविताने विचारलं तरी हेच. मी विचारलं तरी हेच. आरोळी आली की तो अजून पळतो, आणि ओल्या अंगाने परत आला की म्हणतो, बरं हाय. नव्या खोलीत त्याने पाऊल ठेवलेलं नाही. झोप पुन्हा गेली, हे सविताचे डोळे बघून कळतं.

बनुबाई बरेच दिवस या रस्त्याने आलीच नाही. मग एका दुपारी आली ती थेट वाल्मिकच्या दुकानात शिरली. मी घाईने पाण्याचा तांब्या घेऊन गेलो, पण तिने माझ्याकडे बघितलंही नाही. दोन्ही हातांनी तिने वाल्मिकचं मनगट धरलं.

"कसा सोडलास माझ्या लेकराला, दाखव."

"सोडला न्हाई, मावशी. सोडवून घेतला."

"बरं, सोडवून घितला. दाखव."

म्हातारीची पकड ती, जरासा हिसडा दिला असता तर सुटली असती. वाल्मिकने हात हलवला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो तसाच उभा होता. शेवटी तिनेच आपले हात काढून घेतले.

"साऱ्या गावाला सांगितलंस," ती म्हणाली. "मला न्हाई सांगितलंस."

"गावाला न्हाई सांगितलं, मावशी. बंद दारात सांगितलं हुतं. आपल्या मान्सांत."

"मला सांगायचं हुतं," बनुबाई म्हणाली. "मी रडली असती. तुला शिव्या घातल्या असत्या. पन कुनाला सांगितलं नसतं."