संघपालने नागपूर नकाशावर आणलं

नागपुरातल्या इंदोऱ्यात राहणारा संघपाल कोराडीच्या वीज केंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यांवर टेक्निशियन आहे. पट्टा अडला तर घाई न करणारा, आधी कान लावून आवाज ऐकणारा माणूस, अशी त्याची तिथे ख्याती. घरी कॉम्प्युटरसमोर बसला की मात्र हा सगळा धीर तो चपलांसोबत दाराबाहेर काढून ठेवतो.

त्याला राज्य चालवायच्या गेमचा नाद. शहरं वसवायची, शेती वाढवायची, फौज उभारायची आणि शेजारच्या राजांना पुरून उरायचं. पुरून उरायचे ते शेजारचे राजेच. संघपालच्या मते यात त्याचा काही दोष नव्हता. नकाशात नागपूरच नाही, तर माणसाचं मन लागणार कसं?

हे गाऱ्हाणं त्याने कोराडीच्या बसमध्ये प्रीतमला ऐकवलं. प्रीतम त्याच्याच पाळीतला, आणि असले गेम उसवून बघण्यात मुरलेला.

"मंग टाक ना गा नागपूर," प्रीतम म्हणाला. "गेमच्या फोल्डरात साध्या फायली असतात. शहराचं नाव, शिपायाची ताकद, सगळं त्यात लिहिलेलं. आपल्याले पाहिजे तसं बदलवायचं, त्यालेच मॉड म्हणतात. फक्त आधी कॉपी करून ठेव, आन् एका वेळी एकच गोष्ट बदलव."

संघपालने घरी येऊन कॉपी केली, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं. मग एका बैठकीत दिसेल ते बदललं. गेम उघडलाच नाही. पडदा काळाकुट्ट.

बायको माया शिलाई मशीनवरून म्हणाली, "काय करून राहिले जी केव्हाचे?"

"नागपूर वसवून राहिलो."

"वसलं का?"

"फायलीत कुठंतरी एक कंस टाकायचा सुटला वाटते."

तो कंस काही सापडला नाही. मूळ कॉपी परत आणून त्याने नुसतं शहराचं नाव बदललं, तेही मराठीत. गेम उघडला, पण नागपूरच्या जागी रिकाम्या चौकोनांची रांग. गेमच्या अक्षरांना देवनागरी येतच नव्हती. प्रीतमने दुसरा फॉन्ट टाकायला शिकवलं आणि एका रविवारी नकाशावर ठसठशीत 'नागपूर' उमटलं. संघपालने त्याचा फोटो झाडून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. कोणाला काही कळलं नाही, तरी सगळ्यांनी अभिनंदन केलं.

आता हरायचं नाही म्हणून त्याने भालाईत शिपायाची ताकद दहापट केली. लढाई बघायला मायाला मुद्दाम बोलावलं. शेजारचा राजा चालून आला आणि चहा निवायच्या आत नागपूर पडलं.

"हे काहून झालं?" संघपाल फोनवर ओरडला.

प्रीतमला हसू आवरेना. "अबे, ती फाइल सगळ्या राजांची हाय! तू दुश्मनालेबी पैलवान करून ठेवलं."

मग फक्त नागपूरला मिळेल असा वेगळा शिपाई बनवायचा, हे तो शिकला. त्यात दोन सुट्ट्या गेल्या. पण खेळ जमला, आणि पहिल्यांदा जिंकल्यावर तो घरात असा फिरला, जणू खरंच किल्ला सर करून आला आहे.

मायाने एकदाच स्क्रीनकडे पाहिलं. "काटोल कुठाय?"

काटोल तिचं माहेर. संघपालने निमूटपणे काटोल वेगळं राज्य म्हणून टाकलं, भोवती संत्र्याच्या बागा लावल्या आणि तिची मर्जी राखायला उत्पन्न सढळ हाताने लिहिलं. आपलं गाव कसं चाललंय ते बघायला माया बसली, ती उठेचना. तिने एकही शिपाई उभा केला नाही. संत्री विकली, विहिरी खोदल्या, बाजार बांधला. लोक सुखी असले की आजूबाजूची गावं आपणहून येऊन मिळतात, हा गेमचा नियम संघपालने कधी वाचलाच नव्हता. एक एक गाव काटोलला मिळालं. संध्याकाळपर्यंत नागपूरही मिळालं.

संघपाल सावरून बसला. "संत्र्याचं उत्पन्न मी जरा जास्तच लिहिलं वाटते. थोडं कमी करतो."

"फाइलले हात तर लावून पाहा," माया म्हणाली.

त्याने हात लावला नाही. सध्या तो नकाशावर नागपूरशेजारचं सावनेर टाकतो आहे. कोळसा त्याचा रोजचा विषय, म्हणून तिथे त्याने नुसत्या खाणी मांडल्या होत्या. माया म्हणाली, "आन् लोक खातीन काय?" तेव्हा आता कापूस, गहू आणि एक शाळा असं काम वाढलं आहे. तो कुरकुरतो, पण खुर्चीशेजारी तिच्यासाठी स्टूल त्यानेच आणून ठेवलं आहे.